शनिवारी नेट का जातं

बुधवार, २३ ऑक्टोबर

आज एक मोठं काम हातावेगळं केलं. राउटर दिवाणखान्यातून हलवला. वुओक्कोची तक्रार होती की टीव्ही बघताना त्याचे दिवे डोळ्यांसमोर मिचमिचतात. बायकोची तक्रार मी फार काळ पडून राहू देत नाही. ही मार्चमधली होती.

पॅसेजमधला जुना विजेचा हीटर मी उन्हाळ्यातच काढला होता. त्याचा सॉकेट नुसता पडून होता. राउटर तिथे लावला. वर बर्चच्या प्लायवूडची पेटी केली, हवेला भोकं पाडली, झाकण स्क्रूने बंद. आत काय आहे ते सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही. वुओक्को म्हणाली, पक्ष्याचं घरटं वाटतंय. कौतुकच म्हणायचं.

जन्म गेला नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात. नेट म्हणजे तरी काय? पाइप, नळ आणि मध्ये प्रेशर. लोक उगाच बाऊ करतात.

शनिवार, २६ ऑक्टोबर

पाच वाजता रीक्काचा कॅनडाहून व्हिडिओ कॉल. पोरगी हॅलिफॅक्सला जाऊन बसली आहे. नवरा ब्रेंडन. सज्जन आहे, सौनाच्या वाफेत पाच मिनिटांत लाल होतो, त्याला इलाज नाही. नात तीन आठवड्यांची झाली. नाव अजून नाही, म्हणून आम्ही तिला ‘गाठोडं’ म्हणतो. दुपट्यात तशीच दिसते.

नाव म्हणजे आहे, पण आईबापांखेरीज कुणाला सांगायचं नाही. बारशाच्या दिवशी पाद्री विचारणार, तेव्हाच सगळ्यांनी ऐकायचं. ही आपली फिन्निश रीत आणि ती बरोबरच आहे. रीक्काचं नाव आम्ही माझ्या आईलासुद्धा आधी सांगितलं नव्हतं. आई महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही.

मला नावाबद्दल काहीही अपेक्षा नाही. लेम्पी हे चांगलं नाव आहे, एवढंच. माझ्या आईचं होतं. सहज लिहून ठेवतो.

गाठोडं जांभई देत होतं. जांभई अर्धी झाली आणि चित्र गोठलं. मग गेलंच. वुओक्को चपला घालून टपालपेटीपाशी पळाली. आमच्याकडे मोबाइलला रेंज तिथेच येते. छत पत्र्याचं आहे ना. पत्रा मी निवडला होता, पण तो प्रश्न वेगळा.

शनिवारची सौना टायमरने नुकतीच लागली होती, थोड्या वेळात तापली. मी आत जाऊन शांतपणे विचार केला. बाहेर आलो तर नेट चालू! मी राउटरला हातसुद्धा लावला नव्हता. काही गोष्टींना धीर लागतो.

सोमवार, २८ ऑक्टोबर

नेट कंपनीला फोन. टपालपेटीपाशी उभा राहून. तिकडून बासरी ऐकवतात. बोटं गारठल्यावर कैसू नावाच्या बाई लाइनवर आल्या. म्हणाल्या, बंद करून चालू करून पाहिलंत का? मी म्हटलं, बाई, अर्ध्या सुओनेनयोकी गावाला मी पाणी पाजलंय. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे हो, पण बंद करून चालू केलंत का?

त्यांच्या यंत्रात सगळं ठीक दिसतंय म्हणे. बाहेरून पाइपसुद्धा ठीकच दिसतो! कुठेतरी पाणी मुरतंय. सापडेपर्यंत सोडणार नाही.

विचार करायचा म्हणून आज सौना तापवली. वुओक्को म्हणाली, सोमवारी सौना? कोण गेलं? मी सौनाची विजेची शेगडी लावली आणि वुओक्को नेटवर बातम्या बघत बसली. थोड्याच वेळात तिची आरोळी. बातम्या गेल्या.

म्हणजे दुखणं आता सोमवारवरही आलं. पसरतंय.

बुधवार, ३० ऑक्टोबर

वुओक्कोचा ऑनलाइन इंग्रजीचा वर्ग. ब्रेंडनच्या आईशी बोलता यावं म्हणून शिकते आहे. मी दुपारपासून कॉफी पीत, आईच्या चांदीच्या चमच्याने ढवळत, नकाशा काढत बसलो होतो. राउटरपासून हॅलिफॅक्सपर्यंत. या चमच्याने डोकं चालतं. दांड्यावर आईचं नाव आहे, अर्धं झिजलंय. अटलांटिक महासागर काढून झाल्यावर डोकं जड झालं, म्हणून सौना.

वर्ग मध्येच बंद. वुओक्को म्हणे, ‘माझे पती फार...’ एवढंच इंग्रजीत बोलून झालं होतं. पुढे काय येणार होतं ते तिने मला सांगितलं नाही.

मग ती म्हणाली, टाउनो, सौना तापली की नेट जातं. मी लक्ष दिलं नाही. तिने तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. मी समजावलं: सौनात उष्णता असते, नेटमध्ये सिग्नल. दोघांची ओळखसुद्धा नाही. ती म्हणाली, बरं बाबा. हे ‘बरं बाबा’ मला मुळीच आवडत नाही.

उलट माझं निरीक्षण असं: मी सौनातून बाहेर येतो तेव्हा दर वेळी नेट आलेलं असतं. दर वेळी. संबंध असलाच तर सौनामुळे नेट सुधारतं. वुओक्को ग्रंथालयात नोकरीला होती. तिला कारण आणि उपाय यांत फरक करायची सवय नाही.

शनिवार, २ नोव्हेंबर

गळती सापडली! शेजारचा कालेर्वो.

शनिवारी संध्याकाळी पाचला हॉकीची मॅच असते. कालेर्वो ती नेटवर बघतो, भिंतभर टीव्हीवर. त्याची आणि आमची कंपनी एकच, रस्त्याखालची लाइन एकच. वरच्या घरात कुणी बाग शिंपायला घेतली की खालच्या घरात अंघोळीचं पाणी बारीक होतं, हे मी जन्मभर पाहिलंय. आजही कॉलमध्ये गाठोडं शिंकणार एवढ्यात गेलं. शिंक आम्हाला दिसलीच नाही.

मी तसाच त्याच्याकडे गेलो. म्हटलं, कालेर्वो, तू माझं प्रेशर खातोयस. तो म्हणाला, बस, कॉफी घे, दोन गोलने मागे आहोत, आज माझ्यातच प्रेशर नाही. मी म्हटलं, शनिवारी पाच ते सहा तुझा टीव्ही बंद ठेव. तो हसला. म्हणाला, टाउनो, आयुष्यभर बस चालवली, बायकोच्या प्रत्येक स्टॉपला थांबलो, पण हॉकीच्या वेळी नाही. त्याची बायको तेल्मा आतून ओरडली, खोटं बोलतोय, माझ्या स्टॉपलाही कधी थांबला नाही.

त्याचं नेट मात्र मख्खन चाललं होतं. म्हणजे पुरावाच.

परत आलो तर वुओक्को म्हणाली, शनिवारी संध्याकाळी अख्खं गाव सौनात असतं, नेट वापरतंय कोण? मुद्दा बिनबुडाचा. बिनबुडाचा का, ते नंतर लिहीन.

सौना घेतली. बाहेर आलो. नेट चालू.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

कंपनीची इंजिनीयर आली. मिर्वा नाव. येताना बूट दाराशी काढले, संस्कार चांगले. तिने पेटी बघितली आणि विचारलं, आत पक्षी आहे का? तिला वुओक्कोने पढवलं असणार.

स्क्रू काढले, यंत्र लावलं, सगळं उत्तम निघालं. दुपारचे बारा वाजले होते, त्या वेळी उत्तमच असणार. तिने विचारलं, जातं तेव्हा घरात दुसरं काही चालू असतं का? मी म्हटलं, काही नाही. वुओक्को स्वयंपाकघरातून म्हणाली, सौना! मी म्हटलं, शनिवारी चारचौघांसारखी सौना असते, ते काही ‘दुसरं’ नाही. मिर्वा काहीतरी बोलणार होती. पण तेवढ्यात मी तिला अटलांटिकचा नकाशा दाखवायला घेतला आणि मग तिला पुढच्या घरी जायचं होतं. जाताना म्हणाली, तुमचं पाण्याचं ज्ञान दांडगं आहे.

जाणकार माणूस जाणकाराला ओळखतो.

शनिवार, ९ नोव्हेंबर

नवी केबल टाकली. जाड. फरक शून्य, पण दिसायला भक्कम.

आजची मोठी बातमी: तेवीस तारखेला बारसं! आपल्या वेळेने पाच वाजता. फिन्निश पाद्रीबाई रीक्काच्या घरीच येणार. आम्ही इथून बघायचं. रीक्काने विचारलं, बाबा, तुमचं नेट टिकेल ना? की ब्रेंडनला रेकॉर्डिंग करायला सांगू? मी म्हटलं, आम्हा पार्विआइनेनांच्या घरात बारसं थेट बघतात, शिळं नाही. रेकॉर्डिंग अजिबात करू नका, माणसाने अशा वेळी हात मोकळे ठेवावेत. रीक्का म्हणाली, बाबा, मला खरंच वाटतं की तू ते नाव त्याच क्षणी ऐकावंस. आणि तिथेच गोठली. डोळे मिटलेले, तोंड उघडं.

‘तू ऐकावंस’ म्हणाली. तू. मी यातून काहीच निष्कर्ष काढत नाही.

वुओक्को टपालपेटीवरून परतली तेव्हा नाक लाल होतं. म्हणाली, टाउनो, एक नात आहे आपल्याला. हे हुकलं तर मी तुला माफ करणार नाही. ती असं कधी बोलत नाही. मी शब्द दिला.

संकल्प: १. बारशापर्यंत नेट शंभर टक्के. २. वुओक्कोशी वाद नाही. ३. अटलांटिकचा नकाशा भिंतीवर लावणे.

रविवार, १० नोव्हेंबर

संकल्प २ मोडला. नकाशावरून.

शनिवार, १६ नोव्हेंबर

प्रयोग. वुओक्को म्हणाली, आज फक्त एकदा, कॉल संपेपर्यंत सौना लावू नकोस. ठीक आहे, तिचं समाधान. लावली नाही. कॉल पूर्ण झाला, चित्र काचेसारखं. गाठोड्याने दोनदा शिंकून दाखवलं.

वुओक्को माझ्याकडे बघत राहिली. मी तिला आठवण करून दिली की या आठवड्यात हॉकीला सुट्टी होती, कालेर्वोचा टीव्ही बंद होता. ती उठून भांडी घासायला गेली. डिशवॉशर असताना.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तयारी पूर्ण. टॅब्लेट मोठ्या टीव्हीला जोडला. कॅमेऱ्यासमोर दोन खुर्च्या, मागे चार. कालेर्वो-तेल्माला बोलावलंय. शेजारधर्म म्हणून, शिवाय कालेर्वो इथे असला की त्याचा टीव्ही बंद राहणार. डाव लक्षात येतो का? वुओक्कोने वेलदोड्याचा गोड पाव केलाय, घरभर वास आहे. माझा सूट होतो अजून. बटण सोडून.

वुओक्को म्हणाली, उद्या सौना नाही. शब्द दे. मी ‘हो’ म्हटलं.

आता मी इथे माझ्यापुरतं लिहितो. इतक्या वेळा पाहिलंय की सौना तापली, मी आत जाऊन आलो, की नेट सुरळीत. उद्यासारख्या दिवशी हाताशी औषध नको? शेगडीला टायमर आहे. सकाळीच गुपचूप साडेपाचला लावून ठेवतो. तोवर नाव घेऊन झालेलं असेल. काही बिघडलंच तर सौना तापायला लागलेली असेल. आणि नाही बिघडलं तर पाहुण्यांना बारशानंतरची सौना. दोन्हीकडून फायदा. वुओक्को नंतर माझे आभार मानेल.

टायमर थोडा पुढे पळतो, पण फार नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर, सकाळ

टायमर लावला. वुओक्को केस करत होती. कुणाला पत्ता नाही. सूट इस्त्री केला.

लेम्पी. फक्त उच्चार करून पाहिला. कानाला चांगलं वाटतं. अपेक्षा काही नाही.

शनिवार, २३ नोव्हेंबर, संध्याकाळ

क्रमाने लिहितो.

पाच वाजता हॅलिफॅक्स टीव्हीवर. काय चित्र! रीक्का निळ्या झग्यात, गाठोडं लांबलचक पांढऱ्या झबल्यात. तेच झबलं, रीक्काचंही होतं, माझंही. मेणबत्त्या, पाणी, पाद्रीबाई. ब्रेंडनची आई हात हलवत होती. वुओक्कोने इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि ती हसली. मी पाहुण्यांना दोन शब्द सांगितले, म्हणजे योग्य देखभाल केली की यंत्रणा कशी साथ देते वगैरे. कालेर्वो म्हणाला, गप रे, गाणं चाललंय.

गाणं संपलं. पाद्रीबाईंनी विचारलं, या बाळाचं नाव काय? रीक्का पुढे झाली, कॅमेऱ्याकडे बघितलं, अगदी माझ्याकडे, म्हणाली, आमच्या मुलीचं नाव...

गोठली.

मग काळा पडदा.

मी म्हटलं, शांत राहा. स्क्रूड्रायव्हर आणला. वुओक्को उभी राहिली. तिचा चेहरा मला आठवायचा नाही. ती एवढंच म्हणाली, कालेर्वो, तुझ्याकडे जाऊया, तिथून जोडू. आणि सगळे निघाले, कपबश्या हातात घेऊन, कोटसुद्धा न घालता. तेल्माने गोड पावाचं ताट उचललं. ताट कशाला न्यायला हवं होतं?

मी थांबलो. यंत्रणा सोडून जाणारा मी नव्हे. पेटीचे स्क्रू काढायला घेतले, एकाचा आटा गेला. मग पॅसेजमध्ये ऊब जाणवली. टायमर बराच पुढे पळाला होता आणि सौना तापत होती. म्हटलं, चला, औषध तयार आहे. कपडे काढले, आत गेलो, दगडांवर पाणी टाकलं. विचार असा काही आला नाही. बसून राहिलो फक्त.

निघताना शेगडी बंद केली, अंग धुतलं. दिवाणखान्यात येतो तो कॉल वाजतोय! मी लिहिलं नव्हतं? सौनातून बाहेर आलो की नेट येतं! पळत जाऊन बटण दाबलं.

अख्खं हॅलिफॅक्स माझ्यासमोर. आणि मी टॉवेलमध्ये. पाद्रीबाईंच्या हातात कॉफी होती, ती त्यांनी खाली ठेवली. ब्रेंडनच्या आईने पुन्हा हात हलवला, जरा कमी.

रीक्का म्हणाली, बाबा! मध्येच गेलात तुम्ही. ऐकलंस ना? तू ऐकलंस?

इथे मी सांगायला हवं होतं की नाही ऐकलं. पण तिकडे वीस माणसं, इकडे मी टॉवेलवर, आणि शब्द दिला होता. मी म्हटलं, ऐकलं. उत्तम नाव आहे.

ती म्हणाली, एवढंच?

मी म्हटलं, उत्तम म्हटलं ना.

तिचा चेहरा उतरला. मग गाठोडं रडायला लागलं आणि कॉल संपला.

वुओक्को कालेर्वोकडे उरलेलं बारसं बघून परत आली. तिलाही सांगितलं की मी लगेच जोडून घेतलं होतं, सगळं ऐकलं. ती म्हणाली, मग? काय वाटलं तुला? मी म्हटलं, योग्य निर्णय आहे. ती म्हणाली, टाउनो, तू कधी कधी दगड असतोस. झोपायला गेली.

रविवार, २४ नोव्हेंबर

नाव काय आहे ते कळत नाही.

विचारता येत नाही, कारण मी ऐकलंय. वुओक्को जेवढ्यास तेवढं बोलते आणि अजून ‘गाठोडं’च म्हणते. ती रीक्काशी बोलायला टपालपेटीपाशी गेली, तेव्हा मी बर्फ उपसायला मागून गेलो. तिने पाठ फिरवली. तिथे बर्फ फारसा नव्हताच.

सोमवार, २५ नोव्हेंबर

कालेर्वोकडे, ताट परत आणायला. चतुराईने विषय काढला. म्हटलं, मग, नाव कसं वाटलं? तेल्मा म्हणाली, अरे मला तर रडूच आलं. घराण्यातलं नाव पुढे नेलं पोरीने! एवढा मान हल्ली कोण देतं? कालेर्वो म्हणाला, म्हाताऱ्या, ताठ चाल आता जरा.

घराण्यातलं. आणि ताठ मी चालायचं.

नीट विचार केला. आईचं नाव? छे. आई गेली तेव्हा रीक्का पाच वर्षांची होती, तिला काय आठवणार? माणसाने उगाच आशा लावून घेऊ नये. वडिलांचं नाव उर्हो, ते मुलीला ठेवता येत नाही. वुओक्कोचं असतं तर वुओक्को आनंदात असती.

उरतो मी.

टाउनोचं मुलीसाठी टाउना होईल. म्हणूनच तिने माझ्याकडे बघितलं! म्हणूनच ‘तू ऐकावंस’! आणि मी म्हणालो, उत्तम नाव आहे. स्वतःच्याच नावाला! काय वाटलं असेल लोकांना. अर्थात नाव उत्तम आहे, त्यात खोटं काही नाही.

वुओक्को का रुसली आहे तेही कळलं. तिचं नाव राहिलं.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

बारशाचा चांदीचा चमचा आजोबाने द्यायचा असतो. सोनाराकडे गेलो. दांड्यावर कोरायला नाव सांगितलं: टाउना. सोनाराने विचारलं, नक्की? मी म्हटलं, मालक, माझी नात आहे. त्याने पुन्हा विचारलं. या धंद्यात सभ्यता राहिली नाही.

सुरेख झालाय. शनिवारी कॅमेऱ्यासमोर धरणार. रीक्काचा चेहरा उजळेल, वुओक्कोही विरघळेल, आणि मला जे त्या दिवशी बोलता आलं नाही ते चमचाच बोलेल. दोन शब्दही तयार ठेवलेत.

शनिवार, ३० नोव्हेंबर

वुओक्कोने सौनाच्या दाराला खुर्ची लावली होती. नेट काचेसारखं. कालेर्वोकडून गोलच्या आरोळ्या येत होत्या, म्हणजे हॉकी चालू होती. तेव्हा मी याकडे लक्ष दिलं नाही.

चमचा कॅमेऱ्यासमोर धरला. म्हटलं, रीक्का, हा तुझ्या लेकीसाठी. माझ्यासारख्या साध्या माणसाला तू एवढा मान दिलास...

रीक्का पुढे वाकली. वाचलं. ब्रेंडनकडे बघितलं. म्हणाली, बाबा, टाउना कोण?

वुओक्कोने माझ्या हातातून चमचा घेतला, चष्मा लावला. फार वेळ बघितलं. मला वाटलं ओरडेल. ती अगदी हळू म्हणाली, तू ऐकलंच नव्हतंस.

मी म्हटलं, नाही.

रीक्का म्हणाली, लेम्पी, बाबा. लेम्पी ठेवलंय. आजीचं. ती मला मांडीवर घेऊन कॉफीत पाव बुडवून द्यायची, तुम्हा दोघांपासून लपवून. मला सगळं आठवतं. मी त्या दिवशी तेच सांगितलं, सगळ्यांसमोर. मला वाटलं तू ऐकतोयस.

अशा वेळी माणूस जिथे जातो तिथेच मी गेलो. खुर्ची बाजूला केली, सौनात शिरलो, हात सवयीने शेगडीच्या बटणावर गेला, फिरवलं, बाकावर बसलो. गार होता बाक.

तेवढ्यात वुओक्कोची आरोळी: टाउनो! गेली! सौना लावलीस का तू?

मी बटणाकडे बघितलं. बंद केलं. बसून राहिलो. थोड्या वेळाने बाहेरून: आली! आता दिसतेय! मी पुन्हा फिरवलं. पुन्हा गेली! काय करतोयस तू आत?

तेव्हा आठवलं. शेगडी पेटली की घरातल्या सगळ्या हीटरांची वीज आपोआप तुटते, भार एकदम पडू नये म्हणून. शेगडी थांबली की परत येते. आणि राउटर मी लावलाय हीटरच्या सॉकेटमध्ये. घर बांधताना ही सोय इलेक्ट्रिशियनकडून मीच मागून घेतली होती. तेव्हा अख्ख्या रस्त्यावर फक्त आमच्याकडे होती. मी सगळ्यांना बोलावून दाखवली होती. कालेर्वोलासुद्धा.

बाहेर आलो. वुओक्कोला सांगितलं. ती म्हणाली, मी सांगत होते. मी म्हटलं, हो. सांगत होतीस. कॉल पुन्हा लागला तेव्हा रीक्काने बाळाला कॅमेऱ्याजवळ आणलं. मी हाक मारली, लेम्पी. तिने ढुंकून बघितलं नाही. झोपली होती.

रविवार, १ डिसेंबर

राउटर स्वयंपाकघरात लावला. प्लग काढला, दुसरीकडे घातला. मिनिटभराचं काम. दिवे मिचमिचतात. वुओक्को म्हणते, राहू दे, बरे वाटतात.

पेटी बागेत टांगली. आता भोकं योग्य वाटतात.

आईचा चमचा घासून पुसून डब्यात ठेवला, उद्या हॅलिफॅक्सला पाठवतो. दांड्यावर नाव आधीपासूनच आहे. झिजलंय, पण वाचता येतं.

नवा माझ्याकडेच राहिला. कोरलेलं पुसता येत नाही, असं सोनार म्हणतो. आज सकाळी ओटची लापशी मी त्याच चमच्याने खाल्ली. वुओक्कोने विचारलं, कशी झालीय, टाउना? मी म्हटलं, उत्तम.